दिवा तुझ्या दारात

"मला कुठलंही गाणं आवडत नाही," गालिया म्हणाली आणि खजुराची बी बशीत अशी टाकली की बशी वाजली.

नवरीला त्या दिवशी सगळं माफ असतं. हिरव्या ओढणीआडून तिची नात बद्रिया हसली. "असं कसं, हबूह? सगळ्यांनी आपापलं गाणं सांगितलं. तूच तेवढी राहिलीस."

"राहिलेय ते बरंय. इब्रा गावात घरंदाज बायका गात नाहीत."

"गात नसतील. ऐकतात तर?" मोझा मध्येच बोलली. "का कानसुद्धा झाकून घेता घरंदाज बायका?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. गालियाने नणंदेकडे बघितलंसुद्धा नाही. मोझा गालियाच्या नवऱ्याची, खल्फानची धाकटी बहीण. पन्नास वर्षं ती भावजयीच्या बाजूने भांडत आली होती. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, मस्कतच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि ती दवाखान्याजवळ म्हणून गालियाच्या सवतीच्या, नसराच्या घरी राहायला गेली. नसराच्या हातच्या कचोऱ्या पोटात गेल्यापासून तिची जीभ दोन्हीकडून चालायला लागली होती. माणूस जिथे जेवतं तिथलंच बोलतं, हे गालियाला कुणी शिकवायची गरज नव्हती. नातीच्या बाबतीतही हेच झालं होतं. बद्रिया कॉलेजसाठी म्हणून तीन वर्षं नसराकडे राहिली आणि परत आली ती झांजिबारची गाणी गुणगुणतच.

आणि आता हे लग्न. असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली तशा हुमैदच्या मस्कतमधल्या नव्या घरातल्या लांबलचक दिवाणखान्यात पन्नासेक बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या इब्राकडच्या, अर्ध्या झांजिबारहून पळून आलेल्या. मधोमध वाजवणाऱ्या बायका वाद्यं जुळवत होत्या. एक अकॉर्डियन, एक व्हायोलिन, दोन ढोल. नवरीचा बाप हुमैद गालियाचा सख्खा मुलगा, पैसा त्याचा, घर त्याचं; पण झांजिबारी तारब गाणाऱ्या बायका बोलावल्या होत्या नसराच्या ओळखीच्या आणि गाणार होती नसराची मुलगी रय्या. नवरीचा हट्ट होता. गाणी सुरू होण्याआधी प्रत्येकीने आपलं आवडतं गाणं सांगायचं आणि ते ऐकलं की काय आठवतं तेही सांगायचं, ही टूमसुद्धा नवरीचीच.

मोझाने शीड वर चढवताना खलाशी म्हणतात ते गाणं सांगितलं होतं. "ते ऐकलं की मला अजून मळमळतं. एकोणतीस दिवस लागले झांजिबारला पोचायला. तिथे पोचल्यावर खल्फान विचारतो, समुद्र कसा वाटला? म्हटलं, समुद्र कुणी बघितला रे बाबा, मी तर बादलीच बघितली."

नवरीचे कपडे शिवणारी गुलनाझ बलुची. ती लाजत लाजत उठली आणि तिने अंगाईच म्हणून दाखवली. "ग्वादरला माझी आई म्हणायची. ती गेली तेव्हा मी इथे दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाचा झगा शिवत होते. तार आली. झगा उद्या द्यायचा होता म्हणून आधी तो पुरा केला." बलुचीचा एक शब्दही कुणाला कळत नव्हता, पण डोळे सगळ्यांनी पुसले. गालियाने नाही पुसले. तिला राग आला. इतक्या परक्या बायकांसमोर आपली आई अशी उघडी करून ठेवायची?

नसराची पाळी आली तेव्हा ती नुसती हसली होती. "माझं गाणं सांगण्यातलं नाही. रय्या गाईल ते."

तिचं ते हसू गालियाला गेली पंचवीस वर्षं पाठ होतं.

"हबूह," बद्रियाने पुन्हा धरलं, "एक तरी. मी उद्या जाणार. माझ्यासाठी."

"एक आहे," गालिया म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "पण त्याला शब्द नाहीत."

"मग नुसती चाल म्हण."

"नाही म्हणणार. ते माझं आहे."

तिने कॉफीचा पेला उचलला आणि विषय संपवला. पण आत काही संपलं नव्हतं. खल्फानला जाऊन बारा वर्षं झाली होती. झांजिबारच्या लवंगांच्या बागेत त्याने आयुष्य घालवलं, दर तीन वर्षांनी इब्राला यायचा, एखादं मूल देऊन परत जायचा. तिथे अरबांची कत्तल झाली तेव्हा नसराला आणि पोरीला घेऊन पळाला, पुढे मस्कतला बिऱ्हाड थाटलं आणि मग महिन्यातून एकदा इब्राला यायला लागला. इतकीच काय ती गालियाची बढती. पण मरायला तो तिच्या घरी आला. खजूर उतरवायला म्हणून आला, ताप भरला, आठ दिवस पडून राहिला. त्या आठ दिवसांत तो बोलला फारसं नाही. ओठ मिटून गुणगुणायचा. एक चाल. तीनदा वर चढायची आणि थांबायची. गालिया त्याच्या उशाशी बसून ऐकायची. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने तिच्यासमोर कधी सूर काढला नव्हता. तिला वाटलं, शेवटी का होईना, हे मला दिलं. मुलाला नाही, नणंदेला नाही, कुणालाच तिने ते सांगितलं नव्हतं.

व्हायोलिनवर गज फिरला. रय्या गळा साफ करून उभी राहिली.

*

रय्याला सकाळीच स्वयंपाकघरात आईने गाठलं होतं. नसरा कचोऱ्या तळत होती, झारा हातात तसाच.

"ते गाणं गा आज. माझ्या लग्नातलं."

"आई, तुझी सवत समोर बसलेली असणार."

"म्हणूनच गा."

"तिला स्वाहिली येत नाही. तिला काय कळणार?"

"तिला कळायला नकोच आहे. मला कळेल. मोझाला कळेल. आपल्या पंचवीस बायकांना कळेल. त्या ओळीला मी उठणार." नसराने कमरेच्या गाठीतून पाच रियालची करकरीत नोट काढून दाखवली. "बारा वर्षं थांबलेय, रय्या."

आईला काय म्हणायचं होतं ते तारबात वाढलेल्या कुठल्याही पोरीला सांगावं लागत नाही. तारबात कुणी कुणाचं नाव घेऊन बोलत नाही. गाणं चालू असतं. एखादी ओळ एखादीला लागू पडते. ती उठते, नोट बोटांत धरून संथ डुलत गाणारीपाशी येते, नेमकी त्या ओळीला नोट देते आणि जिला सुनवायचं तिच्या डोळ्यांत बघते. बस्स. जिला लागायचं तिला लागतं. सगळ्या खोलीला कळतं आणि उद्या कुणी जाब विचारला तर म्हणायला मोकळी, मी तर गाणारीला बक्षीस दिलं. ह्या एवढ्याशावरून रय्याने दोन तलाक बघितले होते आणि एका बहिणीने दुसरीच्या मयतालाही न जाणं बघितलं होतं. इब्राकडच्या बायकांना ह्यातलं ओ का ठो कळत नाही. त्या नोटा बघतात आणि म्हणतात, काय दिलदार बायका.

रय्याने आईला अडवलं नाही. का अडवायचं? तिच्याही पोटात होतंच. बाप गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. निरोप आला तो बाप मातीत गेल्यावर. आईला घेऊन ती इब्राला पोचली तेव्हा दारात गालिया उभी होती, पांढऱ्या कपड्यांत, आणि म्हणाली होती, "आता काय बघायला आलात?"

तीन गाणी झाली. बायका उठत होत्या, बसत होत्या. एका जावेने दुसरीला सुनवलं, दुसरीने पुढच्याच कडव्याला परतफेड केली, आणि दोघी पुन्हा एकाच ताटातले सांबुसे खायला लागल्या. चौथ्या गाण्याला रय्याने व्हायोलिनवालीला खूण केली. आई तिच्या डाव्या हाताला अगदी जवळ येऊन बसली होती. पाच रियालची नोट मुठीत.

रय्याने पहिली ओळ उचलली.

*वारा फिरला, नाखव्या, शीड सोड…*

समोरच्या भिंतीला टेकलेली गालिया ताठ झाली. रय्याला ते दिसलं. कुणी हाक मारावी आणि माणसाने मान वर करावी, तशी.

*लवंगेचा वास माझ्या अंगणापर्यंत आला…*

दुसरी ओळ पहिलीपेक्षा एक पायरी वर. गालियाने हात टेकला आणि ती उठायला लागली. मोझाने तिच्याकडे बघितलं, मग नसराकडे, आणि घाईने तिची बाही धरली. "कुठे चाललीस? बस. बस खाली!" गालियाने बाही सोडवून घेतली. उभ्या उभ्याच तिने छातीशी हात घालून बटवा काढला.

*कुणाची वाट बघत बसलीस ग बाई…*

ती चालत आली. डुलत नाही, ठुमकत नाही, बाजाराला निघालेली बाई चालते तशी सरळ. सत्तरीला टेकलेली, काठीसारखी. रय्याला थांबावंसं वाटलं, पण ढोल थांबले नाहीत आणि ढोल थांबले नाहीत तर गाणारीला थांबता येत नाही. चौथी ओळ खाली उतरते. ती तोंडातून आली तेव्हा गालियाने दहा रियालची नोट रय्याच्या हातात ठेवली होती आणि मान वळवली होती, आणि मान वळवली तर समोर हातभर अंतरावर नसरा बसलेली होती.

*दिवा तुझ्या दारात, माणूस माझ्या घरात.*

अकॉर्डियनवालीने हात उचलले. झांजिबारच्या पंचवीस बायकांनी एकदम श्वास घेतला. इब्राच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

*

नसराला आधी टाळ्याच ऐकू आल्या. मग स्वतःचा आवाज.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"काय शिकवलं?" गालिया म्हणाली.

"मोझा! तू शिकवलंस हिला? माझ्या घरचं खाऊन?"

"अल्लाची शपथ, नाही!" मोझा गुडघ्यांवर हात देत उठायचा प्रयत्न करत होती. "मी तर बाही धरत होते. विचार हवं तर सगळ्यांना. हिला काही माहीत नाही ग, हिला वाटलं बक्षीस द्यायचं असतं!"

"बक्षीस? बरोब्बर त्या ओळीला? माझ्या तोंडावर?"

नसराच्या मुठीत अजून नोट होती, घामाने भिजलेली. ती ओळ तिची होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात इब्राहून सासूचं पत्र आलं होतं, त्यात थोरलीची खुशाली होती, आणि अठरा वर्षांच्या नसराने खल्फानचा कान धरून त्याला विचारलं होतं, सांग, माणूस कुणाच्या घरात? तेव्हापासून तो खेळच झाला. बागेतून घरी आला की दारातच तिने तीन ओळी म्हणायच्या आणि चौथी त्याने. दिवा तिच्या दारात, माणूस तुझ्या घरात, असं म्हणत तो चपला काढायचा. रोज. आधी झांजिबारला, मग मस्कतला. तीस वर्षं. आणि शेवटच्या आठ दिवसांत नेमकं उलटं झालं. नसरा मस्कतच्या दारात, आणि माणूस हिच्या घरात. ती ओळ तेव्हापासून नसराच्या घशात काट्यासारखी अडकली होती. आज ती उलटी फिरवून परत करायची होती. तीन वर्षं तुझी नात माझ्याकडे राहिली, नणंद माझ्याकडे आली, आता बोल, माणसं कुणाच्या घरात आहेत? इतकं सगळं त्या एका नोटेत होतं. आणि ह्या बाईने तेही आधी येऊन उचललं.

"बीबी," बद्रिया उठून मध्ये आली, ओढणी मागे सरकलेली. नसरालाही ती आजीच म्हणायची, झांजिबारच्या बोलीत. "बीबी, हबूह, माझ्या लग्नात नको. हात जोडते."

"तू बस, बाळ," नसरा म्हणाली. "हिने सुरू केलंय. मरताना तो तुझ्याकडे होता, हेच सांगायचंय ना तुला, गालिया? बारा वर्षं तेच सांगत्येस. आज गाण्यात सांगितलंस. तुला ट्रक मिळत नव्हता का एक? खजुराचे ट्रक रोज निघतात इब्राहून. एका ड्रायव्हरला एक शब्द सांगायचा होता."

"मिळत होता," गालिया म्हणाली.

"मग?"

"नाही सांगितलं. मुद्दाम नाही सांगितलं."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. आता चमच्यांचे आवाजही थांबले.

"ऐकलंत?" नसरा आजूबाजूला बघून म्हणाली. "मोझा, ऐकलंस? तू म्हणायचीस, घाईत राहून गेलं असेल."

"आठ दिवस," गालियाचा आवाज चढला नाही, पण तो हॉलच्या टोकापर्यंत गेला. "तीस वर्षं तुझी आणि आठ दिवस माझे. त्यातलेही तुला द्यायचे होते? तू आली असतीस तर मला चहा करायला पाठवलं असतंस आणि स्वतः उशाशी बसली असतीस. मला माहीत नाही का तुला?"

"बसले असतेच!"

"बघ!"

"नवरा होता माझा!"

"मग माझा कोण होता?"

मोझाने दोन्ही हात कपाळाला लावले. गुलनाझ हळूच मागे सरकून दाराशी गेली; दुसऱ्याच्या घरातलं भांडण परक्याने दारापासूनच बघावं. रय्या दहा रियालची नोट हातात धरून तशीच उभी होती.

"मला एवढंच सांगा," गालिया रय्याकडे वळली. "मी काय केलं? ह्या पोरीने गायलं, मी पैसे दिले. त्या ओळीत आहे काय असं?"

रय्याने आईकडे बघितलं. आईने मान फिरवली. मग रय्याने चारही ओळी सांगितल्या, साध्या भाषेत, एकेक करून. आणि नोट देण्याचा अर्थही सांगितला.

गालिया ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि हे गाणं कुणाचं?"

"माझं," नसरा म्हणाली. "माझ्या लग्नातलं. माझं आणि त्याचं."

*

कुणीतरी गालियाच्या मागे उशी सरकवली. ती खाली बसली.

माझं आणि त्याचं.

गप्प बसावं, तिला वाटलं. तोंड मिटावं, नातीचं लग्न आटपावं, इब्राला जावं. कुणाला काही माहीत नाही. खल्फान मातीत, भिंतींना तोंड नाही. एवढी एक गोष्ट लपवली की नसरा जन्मभर तडफडत राहील, तो आपल्याला विसरून गेला म्हणून. गालियाला हे तडफडणं हवं होतं. बारा वर्षं तिने ते चाखून बघितलं होतं.

पण नसरा बोलत होती, थांबत नव्हती. "शेवटचं काय बोलला, तेही कधी सांगितलं नाहीस. मी येऊन विचारलं, दारात उभी राहून विचारलं. म्हणालीस, काही नाही. माणूस काहीच न बोलता जातो? माझं नाव नसेल घेतलं, नको. हुमैदचं? रय्याचं? पाणी? काहीतरी तर…"

"बोलला नाही," गालिया म्हणाली. "गुणगुणायचा."

"काय?"

"हेच."

शब्द सुटला आणि गालियाला कळलं, काय सुटलं ते. तिने ओठ दाबून धरले. उशीर झाला होता. नसराचं तोंड तिच्या डोळ्यांदेखत बदललं. साठी उलटलेल्या बाईचं तोंड एका क्षणात अठरा वर्षांच्या पोरीसारखं झालं, आणि ते बघणं गालियाला असह्य झालं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ही बाई तीस वर्षं अशी दिसत असणार.

"तुला कसं कळलं, हेच ते?" नसरा पुढे सरकली. "तुला तर भाषा येत नाही."

"चाल ओळखली. आठ दिवस ऐकली, अजून कानात आहे. म्हणून तर उठले. मला वाटलं…" ती थांबली. मला वाटलं ते माझं आहे, हे ती ह्या बाईसमोर मेली तरी म्हणणार नव्हती.

पण बद्रियाने तिच्याकडे बघितलं. मघाशी हबूह काय म्हणाली होती, ते पोरीला आठवलं होतं. ती काही न बोलता गालियाच्या शेजारी येऊन बसली, नवरीच्या कपड्यांनिशी, जमिनीवर. नात आली तेव्हा गालियाला हलकं वाटायला हवं होतं. तिला लाज वाटली.

"कुठपर्यंत?" नसरा विचारत होती. "गालिया, कुठपर्यंत म्हणायचा? सगळं? शेवटपर्यंत?"

"मला काय माहीत, शेवट कुठे आहे त्याचा."

"मी म्हणते. तू हात वर कर, जिथे थांबायचा तिथे."

"नाही."

"एकदा. तुझ्या पाया पडते."

नसरा पाया पडते म्हणाली. पंचवीस झांजिबारी बायकांसमोर. रय्याने "आई!" म्हणून तिचा खांदा धरला, तिने तो झटकला आणि वाजवणाऱ्यांची वाट न बघता सुरू केलं. आवाज म्हातारा, किंचित फाटलेला, पण चाल तीच. वारा फिरला. लवंगेचा वास. गालियाला वाटत होतं, हात वर करायचाच नाही. शेवटपर्यंत म्हणू दे, कळू नये तिला काही. कुणाची वाट बघत बसलीस ग बाई. चाल तिसऱ्यांदा वर चढली आणि तिथे, नेहमीच्या जागी, गालियाचा हात आपोआप वर गेला. आठ दिवस ती ह्याच जागी पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावत आली होती. हाताला सवय होती.

नसरा थांबली. तोंड उघडं, चौथी ओळ आतच.

"इथे?"

"इथेच. दर वेळी. पाणी प्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून."

"चौथी कधीच नाही?"

"कधीच नाही."

गालिया विचार करत होती. दिवा तुझ्या दारात, माणूस माझ्या घरात. बायकोला हिणवणारी ओळ. ती ओळ त्याने गालियाच्या छताखाली तोंडातून काढली नाही. गाणं दुसरीचं असेल, पण थोरलीचा मान ठेवला त्याने, तापातसुद्धा. तिची पाठ ताठ झाली.

"माझ्या घरात होता," ती म्हणाली. "माझ्यासमोर ती ओळ म्हणवली नाही त्याला. तेवढी लाज होती."

मोझाने मान डोलावली. इब्राच्या दोन-तीन बायकांनीही. नसरा मात्र तिच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"त्या आठवड्यात दिवा कुणाच्या दारात होता, गालिया?"

"म्हणजे?"

"तुझ्या दारात? तू तर त्याच्या उशाशी होतीस. वाट बघत मी बसले होते. मस्कतला, दरवाजात, आठही दिवस. ती ओळ त्या वेळी म्हटली असती तर लागली कुणाला असती?" नसराने डोळे पुसले, उलट्या हाताने, स्वयंपाकघरातल्यासारखे. "मला लागली असती. म्हणून नाही म्हटली."

गालियाने मोझाकडे बघितलं, मोझा जमिनीकडे बघत होती, म्हणजे तिलाही पटलं होतं. गाणं नसराचं निघालं, ते गिळलं असतं तिने. आता त्याचं गप्प बसणंही नसराचंच निघालं. आठ दिवस आपण पाण्याचा पेला धरून बसलो, आणि तो त्या बाईला दुखवू नये म्हणून थांबत होता.

बद्रियाने तिच्या हातावर हात ठेवला. "हबूह, चल आत. थोडी पड."

"नाही." गालियाने हात काढून घेतला. "नसरा. म्हण पुढची ओळ."

"कशाला?"

"म्हण. माझ्याकडे बघून म्हण. मघापासून त्याचसाठी नोट धरून बसलीयस ना मुठीत? आंधळी नाही मी. मला म्हणायची होतीस ना? म्हण."

"आता नको," नसरा म्हणाली. "आता नाही माझ्यात."

"त्या गाण्यात माझ्यासाठी तेवढी एकच ओळ आहे," गालिया म्हणाली. "ती तरी दे."

रय्याने आईकडे बघितलं. अकॉर्डियनवालीने पट्ट्यांवर बोटं ठेवली, पण वाजवलं नाही. नसराने पाठ सरळ केली आणि गायली. सगळा आवाज लावून, सवतीच्या डोळ्यांत डोळे रोखून गायली, आणि ओळ संपेपर्यंत गालियाने मान खाली घातली नाही.